अकरा नंबरच्या लग्नाचे फोटो

कुराबीन
गुरुवार, दुपारी

आदरणीय नोएलीन वन्सं यांना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (वाकूनच, कारण लग्नात चहाची मोठी किटली उचलली तेव्हापासून पाठ सरळ होत नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? कुत्रा कसा आहे? मिल्ड्युरात ऊन उतरलं का? अंगणातल्या लिंबाला लिंबं धरली का? आणि तुमची ती काचेची पाटी, फोटो काढता ती, तिची तब्येत कशी आहे? सहज विचारलं. इकडे आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे कुणी आजारी नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पत्र बघून तुम्ही म्हणाल, लिनेट आणि पत्र? तर काय करणार, फोन केला की तुम्ही उचलता, माझा आवाज ऐकता, मग कुत्रा भुंकतो आणि फोन बंद पडतो. दर वेळी. कुत्रा हुशार आहे, मानलं. म्हणून हे पत्र. मला लिहायची सवय नाही, शाळेत ज्या वर्षी पत्रं लिहायला शिकवली त्या वर्षी मी जर्दाळूच्या शेडमध्ये खोकी भरत होते. तेव्हा तोंडात येईल तसं लिहिते आहे, आणि माझं तोंड तुम्हाला ठाऊक आहे.

वाईट बातमी आधी सांगून मोकळी होते. टेगनच्या लग्नाचा एकही फोटो नाही. एकही म्हणजे एकही. चाळीस माणसं, चाळीस कॅमेरे, काही कॅमेऱ्यांना तर वासराएवढी नळकांडी, आणि माझ्या पोरीचा एक धड फोटो नाही. पुढच्या रविवारी टेगन आणि लॉकी टास्मानियाहून परत येतायत. त्याच दिवशी लॉकीच्या घरचे सगळे आल्बम बघायला येणार, मी स्वतः त्यांना जेवायला बोलावून बसले आहे. आणि दाखवायला माझ्याकडे काय आहे, तर इंजिन. पुढून इंजिन, मागून इंजिन, खालून इंजिन, उन्हात इंजिन, धुरात इंजिन. लग्न कुणाचं लागलं असं कुणी विचारलं तर हे फोटो बघून कुणीही सांगेल, अकरा नंबरच्या इंजिनाचं.

आता हे झालं कसं ते ऐका, कारण तुम्ही मध्येच निघून गेलात. (का गेलात त्याच्यावर मी नंतर येते, किंवा येणारही नाही, बघू.)

तुम्हाला माहीत आहे, हे इंजिन तुमच्या भावाने गंजलेलं आणलं तेव्हा टेगन पहिलीत होती. बॉयलरमध्ये पोसम राहत होते, एक अख्खं कुटुंब. ही पोर शाळेतून सुटली की दप्तरासकट शेडमध्ये जायची आणि डेसच्या हातात पाने द्यायची, हा नको बाबा तो घ्या म्हणायची. पोरीची शाळा संपली, नोकरी लागली, लॉकी भेटला, लॉकीने विचारलं, हिने हो म्हटलं, आणि इंजिन आपलं जागच्या जागी. तेव्हा तिनेच बापाला सांगितलं की तुमचं अकरा नंबर ज्या दिवशी रुळावर येईल त्या दिवशी मी त्याच्या शेजारी उभी राहून लग्न करीन. डेस तीन दिवस जेवताना हसत होता. मी म्हटलं, असं लग्न असतं का? पण बाप-लेकीत कोण बोलणार.

मग मुहूर्त. लोक लग्नाची तारीख काढतात ती हॉल मिळेल तशी, केक मिळेल तशी. आमचा मुहूर्त काढला बॉयलर तपासणाऱ्याने. तो आधी डिसेंबर म्हणाला, पण डिसेंबरात आगीची बंदी, एक ठिणगी उडाली की अख्खं रान पेटेल, त्यामुळे वाफेचं इंजिन काढायचंच नाही. जानेवारी तेच, फेब्रुवारी तेच. मार्चमध्ये कुठलासा नळ गळला. तीनदा पत्रिका बदलल्या. लॉकीच्या आईने मला विचारलं की नक्की ठरलंय ना, मी म्हटलं नवरी तयार आहे, नवरा तयार आहे, नळाचं तेवढं बघतोय. शेवटी एप्रिलमध्ये त्या बॉयलरवाल्याने शिक्का मारला आणि घरात असा आनंद झाला की जणू पोरीलाच त्याने पास केलं.

फोटोवाला ठरवायची गोष्ट निघाली तेव्हा सिरिल पॉब्जॉय मध्ये पडला. (सिरिल म्हणजे जुन्या इंजिनांच्या क्लबचा अध्यक्ष, ज्याचं औषधाचं दुकान होतं तो, लांब मिशांचा. तुमच्यावर ओरडला तोच.) तो म्हणाला, फोटोवाला कशाला आणता बाई, त्या दिवशी सगळ्या राज्यांतून आपली माणसं येणार, एकेकाचा हात असा बसलेला आहे की बाहेरचा फोटोवाला त्यांच्यासमोर पोरगा वाटेल. मला ते पटलं. तिथेच मी चुकले असं कुणी म्हणेल, मी म्हणत नाही. चाळीस माणसं फोटो काढायला फुकट येत असतील तर नाही कोण म्हणतं?

मला काय ठाऊक, या गन्झल, म्हणजे आगगाडीवेड्या, लोकांच्या डोळ्यांना माणूस दिसतच नाही. आयुष्यभर त्यांनी एकच विद्या केली आहे, माणूस टाळून गाडीचा फोटो काढायचा. तुम्ही त्यांची सहल कधी पाहिली नाहीत. गाडी मध्येच रानात थांबते, सगळे उतरतात, म्हातारे-कोतारे काटेरी तारांखालून सरपटत शेतात जातात आणि एका दोरीच्या मागे ओळीने उभे राहतात. मग रिकामी गाडी उलटी मागे जाते आणि पुन्हा धूर सोडत, शिट्टी मारत, कुणी नसलेल्या डब्यांसह त्यांच्यासमोरून झोकात जाते. त्याचे फोटो. मग गाडी परत मागे येते, सगळे बसतात आणि पुढे निघतात. हे दिवसातून चारदा. आणि त्या दोरीच्या पुढे पाय टाकणं म्हणजे चर्चमध्ये चप्पल फेकण्यासारखं. मागे एकाची सख्खी बायको टोपी आणायला पुढे गेली तर नवऱ्याने सगळ्यांच्या बरोबरीने तिला शिव्या घातल्या. मी सात वर्षं माझ्या चहाच्या टपरीतून यांना चहा आणि सॉसेज रोल देते आहे, एकाला माझं नाव येत नाही. पण माझ्या टपरीच्या छपराला कुठल्या साली कुठला रंग होता ते सगळ्यांना येतं, आणि त्यावर भांडणही होतं.

तर लग्नाचा दिवस. टेगन इंजिनात बसून आली ते तुम्ही पाहिलंत. डेसने तिला हात धरून खाली उतरवलं, पांढऱ्या कपड्याला काळा डाग न लावता, त्यासाठी त्याने सकाळपासून मोजे घातले होते हातात. आता ठरलं असं होतं की कोळसा टाकणारा फायरमन ऑब्री वर इंजिन सांभाळेल आणि डेस खाली येऊन पोरीच्या शेजारी उभा राहील. पेटलेलं इंजिन एकटं सोडता येत नाही, तान्ह्या पोरासारखं आहे ते. डेसने वळून बघितलं तर ऑब्री नाही. ऑब्री कुठे, तर दोरीच्या मागे, कॅमेरा घेऊन, सगळ्यात पुढे. डेसने हाक मारली. ऑब्रीने हात हलवला, म्हणजे आलोच, आणि आला नाही. मग तुमचा भाऊ निमूट वर चढला. त्याच्या बाजूच्या खिडकीतून दिसत होतं पलीकडचं रान आणि त्यात दोन कांगारू. मध्ये एवढा थोरला बॉयलर. पोरीचं लग्न त्या बॉयलरच्या पलीकडे लागलं आणि हा अलीकडे वाफेचा काटा बघत उभा. हे मला त्या दिवशी कळलंच नाही. मला वाटलं तो खाली गर्दीत कुठेतरी आहे.

इकडे टेगन आणि लॉकी इंजिनाच्या बाजूला उभे राहिले. बरोबर त्या नव्या पितळी नंबराच्या पुढे. त्या नंबरासाठी सिरिलने दोन वर्षं पत्रव्यवहार केलेला. तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "पोरी, जरा डावीकडे सरकतेस का?" पोर सरकली. तो म्हणाला, अजून जरा. पोर अजून सरकली. तिला वाटलं हे जाणते लोक, आपल्याला उजेडात आणतायत. असं करत करत नवरी, नवरा, लग्न लावणारी बाई, लॉकीचे आईबाप, सगळं वऱ्हाड सरकत सरकत पाण्याच्या टाकीच्या खांबामागे, सावलीत. आणि तिथे लग्न लागलं. एकजण तर फोटोही काढत नव्हता, बोक्यासारखा केसाळ माइक काठीला लावून नुसता वाफेचा आवाज भरत होता. त्याने लग्न लावणाऱ्या बाईला दोनदा खूण केली की जरा हळू बोला.

मी तेव्हा दोरीपाशी किटली घेऊन उभी. मी बघितलं, चाळीस कॅमेरे एका दिशेला लागलेत, खाडखाड वाजतायत. माझा ऊर भरून आला. एवढे फोटो राणीचेही निघाले नसतील. आणि तेवढ्यात कोण दोरी ओलांडून, रूळ ओलांडून, गुडघा धरत, जांभळी टोपी घालून, पाटी तोंडासमोर उंच धरून चाललंय, तर तुम्ही. सिरिल ओरडला, चाळीसच्या चाळीस ओरडले. आणि मी काय केलं ते तुम्हाला सांगायची गरज नाही, तुम्ही मिल्ड्युरापर्यंत तेच आठवत गेला असाल. एवढंच म्हणते, की माझ्या हातात पाटी आली तेव्हा जे पहिलं झाकण दिसलं ते मी उघडलं आणि पाटी आत टाकली. ती बिअरची बर्फाची पेटी असेल हे मी ठरवून केलं नव्हतं. आणि बाईच्या जातीने अंगठ्याने फोटो काढू नयेत असं जे मी बोलले ते सगळ्यांनी ऐकलं, ते मला माहीत आहे, माझा आवाज मोठा आहे. पण तुम्हीही तुमचा तो क्रीमचा केक, पाव्हलोव्हा, लोक खात असताना, एक भाग कापलेला तसाच, उचलून गाडीत ठेवलात. लॉकीच्या काकाच्या हातात चमचा तसाच राहिला. तेव्हा फिटंफाट.

मग गेल्या शनिवारी मालाच्या जुन्या शेडमध्ये फोटो बघायचा बेत. भिंतीला चादर लावली, सगळ्यांनी आपापले फोटो आणले, मी शेजारणींना बोलावलं, स्कोन भाजले, क्रीम फेटलं. डेस इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या ओळीत बसला. मला वाटलं इंजिनासाठी. दिवा मालवला. पहिला फोटो, चाक. बाकीच्यांनी अहाहा केलं. दुसरा, धुरांडं. अहाहा. मी म्हटलं चला, सुरुवातीला देवदर्शन असतंच, आता येईल नवरी. पुढे चाकं, नंबर, शिट्टी, पुन्हा चाकं. एकदा सगळं पांढरंशुभ्र काही आलं आणि मी ओरडले की तो बघा टेगनचा झगा. ती वाफ होती. एका फोटोत कोपर आलं, ते तिचंच, मी ओळखलं, जन्म दिला आहे. फोटोवाल्याने त्याबद्दल माफी मागितली, कोपराबद्दल.

शेवटी सिरिल उठला. म्हणाला, आता दिवसातला सर्वोत्तम फोटो. आणि वन्सं, खरंच तो फोटो असा होता की मीसुद्धा स्कोन खाली ठेवला. ऊन तिरपं, पितळ झळकतंय, धूर सोन्यासारखा. सिरिल म्हणाला, हा घेतला तेव्हा नेमकी पुढे काही माणसं आली होती, मध्यभागी, हसत वगैरे होती, दोघं. तर मी रात्री कॉम्प्युटरवर बसून एकेक केस धरून त्यांना पुसून काढलं, आणि त्यांच्या जागी चाकं परत भरली, कुठे सांधा दिसतोय का सांगा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सांधा दिसत नव्हता.

मी उभी राहून विचारलं, मूळ फोटो ठेवलाय ना. सिरिल माझ्याकडे असा बघायला लागला जणू मी त्याला संडासातलं पाणी ठेवलंय का विचारलं.

"कशाला?" म्हणाला. "त्यात माणसं होती."

मी काहीतरी बोलणार होते, आणि माझ्याकडे बोलायला पुष्कळ होतं, पण त्याच्या आधी पहिल्या ओळीतून तुमचा भाऊ बोलला. आवाज चढवून नाही, शिट्टी तपासताना बोलतो तसा. "टेगन कुठे आहे?" म्हणाला. तो म्हणाला, मी वर होतो, मला काही दिसलं नाही, मला वाटलं तुम्हा चाळीस जणांच्या डोळ्यांनी बघीन. एवढंच. मग त्याने चादरीकडे बघितलं, त्या पुसलेल्या जागेकडे, जिथे चाकं होती, आणि बाहेर गेला.

सिरिल वाईट माणूस नाही, वन्सं. त्याच्या मिशा खाली आल्या. ऑब्री तर माझ्या टपरीमागे जाऊन भांडी घासायला लागला, जन्मात पहिल्यांदा. पण त्याने काय होणार. टेगनचा काल फोन आला, फोटो कसे आलेत विचारायला, तर डेस म्हणाला फार सुरेख आलेत. ते खोटंही नाही, हेच तर वाईट आहे. सकाळी तो शेडमध्ये जातो, अकरा नंबरच्या पायरीवर बसतो आणि जेवायला परत येतो. हात काळे होत नाहीत. साबण खपत नाही घरात. ज्या इंजिनाने आयुष्यभर माझ्या चादरी खराब केल्या त्याला हा आता हात लावत नाही, आणि मला ते आवडायला हवं होतं, पण आवडत नाही, हे काय ते तुम्हीच समजून घ्या.

बाकी सगळं क्षेम. लिंबं जास्त झाली तर मीठ लावून ठेवा. गुडघ्याला नीलगिरीचं तेल लावत जा, खालून वर चोळायचं, वरून खाली नाही. कुत्र्याला माझा नमस्कार, तो भुंकला तरी.

तुमची भावजय,
लिनेट

ता.क. खरं काम राहिलंच. त्या पाटीत तुम्ही जे काढलं असेल ते पाठवा. 'हो' म्हणून झालं तेव्हाही तुम्ही तिथे होतात, मी त्याच्यानंतर आले. पाटी बर्फातून निघाल्यावर चालते आहे ना? चालत नसेल तर तांदळात पुरून ठेवा, कुणी म्हणतं उपयोग होतो. मीच येऊन पुरते, हवं तर. वाकडे आले असतील, हलले असतील, अंगठा असेल, सगळे पाठवा. रविवारच्या आत.

ता.क. दोन. तुमच्या पाव्हलोव्हाच्या ताटाचं झाकण माझ्याकडे राहिलं आहे. घासून ठेवलं आहे. रविवारी जेवायलाच आलात तर घेऊन जाता येईल, आणि येताना ताट रिकामं आणू नका, लॉकीचा काका अजून विचारतो. पहिल्या खुर्चीवर बसवीन तुम्हाला. दोरी कुणीही बांधलेली नसेल, आणि बांधली असेल तर मी तोडीन.

ता.क. तीन. डेसला हे पत्र दाखवायचं नव्हतं, पण पाकीट चिकटवायला डिंक मागितला तेव्हा त्याने वाचलं. सगळं वाचलं, सावकाश. मग नाक पुसलं, शेडमधल्या फडक्याने, नाकाला काळं लागलं, बऱ्याच दिवसांनी. मग म्हणाला, सगळे उन्हाच्या बाजूला होते, नोएलीन एकटीच पलीकडे गेली होती, तर तिच्या फोटोत इंजिनाची सावलीकडची बाजू आली असेल का गं, ती बाजू कुणाकडेच नाही.

तेव्हा ती आली असेल तर तीही पाठवा. मी वेगळी ठेवीन. त्याला आधी पोरगी दाखवीन, मग सावलीकडची बाजू. आणि वन्सं, पाठवताना अंगठा पुसू नका. पुसणारे इथे पुष्कळ झाले.